बाबांचं चक्कर

बाबा काहीतरी लपवतायत, हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. आई म्हणते तिला माझ्याही आधी कळलं होतं, पण ते मी मानत नाही. माझ्याकडे पुरावे होते, तिच्याकडे फक्त चेहरा.

मी सुमित्रा वानखडे, अकरावी सायन्स. नाव पणजीचं आहे, त्याला माझा इलाज नाही. ह्या पंधरा ऑगस्टला शाळेत मी सूत्रसंचालन केलं. मधेच माइक बंद पडला, तर मी तशीच ओरडून पुढचा सगळा कार्यक्रम रेटून नेला. तेव्हापासून मला कोणाची म्हणून भीती वाटत नाही. "माइक बंद पडला अन् हिचं तोंड चालू झालं," असं आई शेजारीपाजारी सांगत असते.

तर पुरावे. त्याआधी बाबा काय करतात ते सांगते, म्हणजे मी एवढी का घाबरले ते कळेल. बाबा कारखान्यात क्रेन चालवतात. रस्त्यावरची नाही. शेडच्या छताखाली रुळांवरून फिरणारी, जिची केबिन तीन मजल्यांएवढी उंच असते आणि तिथे शिडीनं चढावं लागतं. खाली लोखंडाचे अवाढव्य तुकडे, ते साखळ्यांनी उचलून ह्या टोकाकडून त्या टोकाला न्यायचे. विश्वकर्मा पूजेला घरच्यांना आत सोडतात, तेव्हा मी ते बघितलंय. भोपाळच्या ह्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये दोन वानखडे आहेत, एक अकाउंट्समधले आणि एक आम्ही, म्हणून सगळे बाबांना 'ऊपरवाले वानखडे' म्हणतात. बाबांना ते फार आवडतं. दाखवत नाहीत, पण आवडतं.

आणि हे ऊपरवाले वानखडे दिवाळीनंतर आमच्या साध्या जिन्यावरून भिंतीला हात लावून उतरायला लागले.

स्कूटर काढणं बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "चालणं चांगलं असतं." जेवताना लोणचं ताटात समोर असायचं आणि ते आईला म्हणायचे, "लोणचं नाही वाढलं." पेपर वाचताना कधी एक डोळा मिटायचे, कधी दुसरा. एका रविवारी दुपारी तर खोलीचे पडदे ओढून अंधारात नुसते बसून होते. मी दिवा लावला तसे डोळ्यांवर हात घेऊन म्हणाले, "बंद कर तो." नंतर बाथरूममध्ये उलटीचा आवाज. बाहेर येऊन म्हणे कँटीनची कढी बाधली. रविवारी कँटीन बंद असते.

तोल जातो, उलटी होते, खोटं बोलतात. तुम्ही काय समजला असता?

मी तेच समजले. गेटवर कोणी क्रेनवाला प्यायलेला सापडला तर त्याला त्याच दिवशी खाली उतरवतात आणि पुन्हा केबिनचं नाव काढू देत नाहीत, हे मला बाबांनीच सांगितलं होतं. म्हणून मी रोज संध्याकाळी ते आले की पाणी द्यायच्या निमित्तानं अगदी जवळ जाऊन वास घ्यायचे. ग्रीसचा वास यायचा आणि आवळा सुपारीचा. बाकी काही नाही.

एकदा मोरीत गेले तर आई बाबांचा शर्ट नाकाला लावून उभी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"साबणाचा वास जाऊन राहिला का पाहत होती," आई म्हणाली. ती अमरावतीची आहे, तिचं 'राहिला' सुटत नाही.

"शर्ट अजून भिजवलापण नाहीये, आई."

"तू अभ्यास कर जा."

म्हणजे घरात हेर दोन होते आणि चोर एक, आणि कोणीच कोणाशी बोलत नव्हतं.

मग आलं ते दूध पार्लर. श्यामचाचा म्हणजे बाबांचे खालचे माणूस: बाबा वर केबिनमध्ये, हे खाली जमिनीवर उभे राहून हातानं इशारे करतात, वर घे, हळू, थांब. पक्के भोपाळी, दिवाळीला स्वतःच्या घरापेक्षा आमच्या घरी जास्त खातात असं स्वतःच म्हणतात. मी दुधाच्या रांगेत त्यांच्या मागे होते आणि ते मला न बघता कोणालातरी सांगत होते, "वानखडे का चक्कर बढ़ता जा रिया है मियां. मैं कब तक छुपाऊँ. किसी दिन सबको ले डूबेगा. और भाभी बेचारी को कुछ ख़बर ही नईं."

दूध न घेताच मी घरी आले.

आता इथे माझी बाजू ऐकून घ्या. चक्कर येते, हे मला माहीत नाही असं नाही. पण आमच्या घरी घेरी येते. आजीला घेरी यायची, आईला उपासात घेरी येते. चक्कर फक्त शाळेत, आणि तिथे ते येत नाही, चालतं. अमक्याचं तमकीशी चक्कर चालू आहे. भोपाळमध्ये जन्म घेतलेल्या मराठी मुलीनं ते वाक्य ऐकल्यावर तिला दुसरं काय वाटणार? दारू नाही हे तर नाकानं सिद्ध झालंच होतं. मग सगळं बसलंच की. पडदे ओढून विचार करत बसणं. लोणचं न दिसणं. आणि शनिवारची मंडळाची मीटिंग.

हो, ते राहिलं. दर शनिवारी संध्याकाळी बाबा "मंडळात मीटिंग आहे" म्हणून जायचे. महाराष्ट्र मंडळात मीटिंगा होतात, भांडणं पण होतात, पण दर शनिवारी नाही. पुढच्या शनिवारी मी आधी जाऊन मंडळाचा हॉल बघून आले. भलंमोठं कुलूप.

मग मी मैत्रिणीची स्कूटी घेतली (लायसन्सबद्दल विचारू नका) आणि बाबा ज्या मिनीबसमध्ये चढले तिच्या मागे लागले. मिनीबसचा पाठलाग करणं ह्यासारखं कंटाळवाणं काम नाही. ती दर दहा पावलांवर थांबते, कंडक्टर खाली उतरून आख्ख्या रस्त्याला हाका मारतो. हबीबगंज नाक्याशी तर मी तिच्या पुढे निघून गेले आणि पुन्हा मागे आले. तुळशी नगरला बाबा उतरले. सरकारी क्वार्टर्सच्या एका गल्लीत वळले आणि एका तळमजल्याच्या दाराशी थांबून त्यांनी, खरं सांगते, केसांवरून हात फिरवला.

दार एका बाईनं उघडलं. पांढरे केस, सुती साडी, हसरा चेहरा. "या, या. आज उशीर झाला," असं ती चक्क मराठीत म्हणाली. दारावर कसली पाटी नाही, काही नाही. ती बाई आईपेक्षा मोठी होती ह्याचं मला जास्तच वाईट वाटलं, का ते माहीत नाही.

ऑगस्टच्या आधीची मी असते तर तिथून रडत घरी आले असते. पण मी सरळ जाऊन बेल दाबली.

"कोण गं तू?"

"मी त्यांची मुलगी. आत बसलेत त्यांची. आणि आईला सगळं माहीत आहे." हे खोटं होतं, पण जोर आला पाहिजे ना.

"काय माहीत आहे?"

"तुमचं चक्कर."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "माझं नाही, बाळ. चक्कर त्यांना येते. ती कुठून येते ते मी शोधतेय. चप्पल काढून आत ये."

मी आत गेले. बाबा खुर्चीत बसलेले, समोर मोठाले फोटो काचेला चिकटवलेले, डोक्याच्या आतले. बाबांचा चेहरा असा झाला होता जसा माझा केमिस्ट्रीचा पेपर सापडल्यावर होतो.

त्या डॉक्टर होत्या. डॉक्टर वैजयंती देव, मेंदूच्या. आता रिटायर होऊन मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या आणि मंडळातल्या ओळखीच्या लोकांना तेवढं बघत होत्या. बाबांनी घराजवळ कोणाला दाखवलं नाही कारण टाउनशिपच्या हॉस्पिटलमध्ये गेलं की ते कारखान्यात कळतं. हे मला नंतर समजलं. तेव्हा मी एवढंच विचारलं, "काय झालंय त्यांना?"

"अर्धशिशी," डॉक्टर म्हणाल्या. "मायग्रेन."

माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं हे दोघं मिळून मला बनवतायत. "अर्धशिशीत डोकं दुखतं. बाबांचं डोकं कधीच दुखत नाही. दुखलं असतं तर मला कळलं असतं, मी महिनाभर नजर ठेवून आहे."

"बघा," बाबा डॉक्टरांना म्हणाले. "मी पण हेच म्हणत होतो."

"नावातच शीर्ष आहे ना, म्हणजे डोकं, म्हणून सगळे तिथेच अडकतात," डॉक्टर म्हणाल्या. "काही जणांचं डोकं दुखतच नाही. बाकीचा सगळा तमाशा होतो. नजरेसमोर चमकणारी नागमोडी रेघ येते, ती पसरत जाते, तिच्यामागचं काही दिसत नाही. मग जमीन होडीसारखी हलते, मळमळतं, उजेड नको होतो. थोड्या वेळानं सगळं जागच्या जागी. ह्यांच्या वयात असं नव्यानं सुरू झालं तर आधी बाकीची भीती घालवावी लागते, म्हणून कान तपासले, डोळे तपासले, हे फोटो काढले. सगळं साफ आहे. आणि मग मी ह्यांच्या आईची चौकशी केली."

आजीला अर्धशिशी होती हे मला माहीत होतं. अंजनगावला ती सूर्य उगवायच्या आत जिलबी खायची, अर्धशिशीवर तोच उतारा म्हणून, आणि आम्हाला कोणालाच द्यायची नाही. पण बाबांचं डोकंही विशीत खूप दुखायचं, मग आपोआप थांबलं, हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"थांबलं नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "वेश बदलून आलं." मग त्या गोळ्यांचं बोलल्या, वेळेवर झोपायचं, उपाशी राहायचं नाही. मी मनात एवढी खूश झाले होते की काय सांगू. बाई नाही, बाटली नाही, फक्त अर्धशिशी. तेवढ्यात डॉक्टर माझ्याकडे वळल्या.

"तू नजर ठेवून आहेस म्हणालीस. मग मला सांग, हे क्रेनवर चढतात का अजून?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा फोटोंकडे बघत होते.

"पहिल्या दिवशीच मी सांगितलं होतं, हे आटोक्यात येईपर्यंत वर जायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे म्हणाले, खालचं काम मागून घेतलंय."

"काल पण गेले होते," मी म्हटलं. "वरच."

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. मला कळलं की माझा संशय बरोबरच होता, फक्त जागा चुकली होती. बाबा आईशी खोटं बोलत होते, डॉक्टरांशी बोलत होते, आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांशी रोज बोलत होते.

परत येताना बाबा स्कूटीवर माझ्या मागे बसले. गल्लीच्या तोंडाशी पोचलो असू, तर माझा खांदा दाबून म्हणाले, "थांब जरा." मी थांबवली. ते उतरून तिथल्या एका कंपाउंडच्या कठड्यावर बसले.

"आली?"

"हं. तुझा डावा डोळा गेला बघ. आता नाकपण." ते हसायला बघत होते. "चमचम करतंय. वेल्डिंग चालू असल्यासारखं."

मी त्यांचा हात धरला. गार पडला होता आणि घाम होता. समोर पाणीपुरीवाला, पोरं क्रिकेट खेळतायत, सगळं नेहमीसारखं, आणि माझे बाबा माझ्याकडे बघतायत आणि त्यांना मी अर्धीच दिसतेय.

"वर असताना आली आहे कधी?"

त्यांनी कपाळ पुसलं. मग म्हणाले, "दोनदा."

"मग काय केलंत?"

"लिव्हर सोडला, भोंगा दिला. श्यामला समजलं. त्यानं सगळ्यांना बाजूला घेतलं. माल लटकत राहिला. बरं वाटल्यावर उतरवला हळूहळू. वायर तपासत होतो म्हणून सांगितलं."

"आणि श्यामचाचा कुठे उभे होते?"

"खालीच. तो कुठे जाणार."

"बाबा, गुरुवारी तो मोठा लोखंडी पीस उचलायचाय ना? तुम्ही महिनाभर त्याच्याबद्दलच बोलताय."

"तेवढं एक होऊ दे, सुमी. एवढा मोठा पीस ह्या शेडमध्ये आजवर उचलला नाही. तो माझ्या हातून जाऊ दे, मग सांगतो सगळ्यांना. आईला आत्ता काही बोलू नको."

आता इथे मी भाषण दिलं असतं, मला येतं ते. पण ते डोळे मिटून, मान खाली घालून बसले होते, त्यांना भाषण कसं देणार. मी एवढंच म्हटलं, "मी आईला सांगणार नाही. तुम्ही सांगा. नाहीतर गुरुवारी मी कारखान्याच्या गेटवर येऊन बसते. माझी पाळत किती चिकट असते ते तुम्हाला कळलंच आहे."

"धमकी देते बापाला."

"हो."

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, पूर्ण दिसतोय का ते तपासल्यासारखं. "दुखत असतं ना काही," ते म्हणाले, "तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. दुखतच नाही. न दुखणारा आजार घेऊन कोणाकडे जायचं? लोक म्हणतील काम टाळतो. नाहीतर म्हणतील पितो."

मी पण तेच म्हणाले होते, मनात.

सोमवारी सकाळी बाबा टाउनशिपच्या हॉस्पिटलमध्ये गेले आणि मी शाळा बुडवून बरोबर गेले. आईला त्यांनी रविवारी रात्री सांगितलं होतं, दार लावून. मला भिंतीतून फक्त तिचं "अन् मी तुमचे शर्ट हुंगून राहिली" एवढंच ऐकू आलं, आणि मग तिचं रडणं की हसणं ते ओळखता आलं नाही.

हॉस्पिटलचे डॉक्टर घाईत होते. देव मॅडमनी दिलेला कागद बघितला, मग बाबांना बघितलं.

"वानखडे जी, गुरुवार को आपका बड़ा लिफ्ट है. और आज आपको चक्कर आ रहे हैं?"

"जी. पहले से आ रहे हैं."

"पहले से, और बताया आज. पीते हो?"

"नहीं, साहब."

"नींद-वींद की गोली?"

"नहीं."

"सिर में दर्द?"

बाबा थांबले. मला शपथेवर सांगता येईल, ते 'हो' म्हणायच्या बेतात होते. 'हो' म्हटलं की सगळं सोपं झालं असतं. डॉक्टरनं लगेच मान डोलावली असती, मायग्रेन लिहिलं असतं, संशय संपला असता. डोकेदुखी सगळ्यांना समजते. मी टेबलाखाली बाबांच्या पायावर पाय ठेवला, पण कशासाठी ते मलाच ठरवता आलं नाही, हो म्हणा म्हणून की नाही म्हणा म्हणून.

"नहीं, साहब," बाबा म्हणाले. "सिर नहीं दुखता. एक बार भी नहीं. इसीलिए तो इतने दिन किसी को बोला नहीं."

डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले.

"ऊपर कभी हुआ?"

"दो बार."

"माल टँगा था?"

"टँगा था. नीचे आदमी था."

"ये किसी को मालूम है?"

"अब आपको मालूम है," बाबा म्हणाले.

मग डॉक्टरांनी देव मॅडमचा कागद पुन्हा घेतला आणि ह्या वेळी खरंच वाचला, ओळीवर पेन फिरवत. दिव्याचा झोत डोळ्यांत मारला, सरळ रेषेत चालायला लावलं, खूप प्रश्न विचारले, पण आता वेगळ्या आवाजात. शेवटी त्यांनी लिहून दिलं: उंचीवर काम नाही, पुढची तपासणी होईपर्यंत जमिनीवर. केबिन परत मिळेल की नाही ते काही बोलले नाहीत. बाबांनी विचारलंपण नाही. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ते बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसले. मी कँटीनमधून चहा आणला. त्यांनी तो सगळा प्यायला, पण चव काही कळली नसणार, कारण त्यात साखर नव्हती आणि ते काहीच बोलले नाहीत.

गुरुवारी मोठा पीस दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरनं उचलला. बाबांना खाली उभं राहायची परवानगी मिळाली होती, श्यामचाचांच्या शेजारी.

संध्याकाळी ते आले तेव्हा आई आणि मी दोघी दारातच होतो. ह्या वेळी वास घ्यायला नाही.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं." त्यांनी बूट काढले. "पोरगं बरं चालवतं. ब्रेक जरा उशिरा मारतं. दोनदा त्याला ओरडलो, तर श्याम म्हणतो, चुप बैठो मियां, वो ऊपर है, उसको तुम्हारा गाना नईं सुनाई देता."

ते खुर्चीत बसले आणि मानेच्या मागे हात नेऊन तोंड वाकडं केलं.

"काय झालं?" आई लगेच जवळ आली. "येऊन राहिली का? डोकं?"

"डोकं नाही गं, मान. दिवसभर वर बघून बघून. श्याम एवढी वर्षं कसा बघत होता देव जाणे."

आईनं बामची डबी आणली आणि मागे उभी राहून चोळायला लागली. पहिलाच जोराचा हात बसला तसे बाबा "आई आई गं" करत एवढ्या मोठ्यांदा कळवळले की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडून विचारलं, वानखडे साहेबांना काय झालं. आणि बाबांनी बसल्या जागेवरूनच ओरडून सांगितलं, मान दुखतेय.